प्लॉटवर शमी आहे आणि घर बांधायचंय: ग्वाल्हेरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की बांधकामाचे मुहूर्त निघतात आणि त्याच सुमारास शमीबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या अंगणात, मुरारच्या बंगल्यांच्या आवारात आणि शहराबाहेर जिथे कालपर्यंत बाजरी-मोहरी पिकत होती त्या नव्या कॉलन्यांमध्ये अजूनही शमी उभी आहे. आपल्या मराठी मंडळींनी फोनवर, हळदीकुंकवाला, गणपतीच्या मांडवात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक उत्तरांत तीच येणार आहे: घर आणि झाड यांचं भांडण नकाशावर सुटतं. जेसीबी दारात उभा राहिल्यावर सुटत नाही.

१. आमच्या प्लॉटवर काटेरी झाड आहे. ती शमीच आहे हे कसं ओळखायचं?

सर्वात जास्त गोंधळ विलायती बाभळीशी होतो, कारण दोघी एकाच कुळातल्या. पानांवरून ओळखायला जाऊ नका, काटे बघा. शमीचे काटे लहान, बुडाशी रुंद आणि शंकूसारखे असतात, आणि ते फांदीवर दोन पानांच्या मधल्या जागेत कुठेही विखुरलेले दिसतात. विलायती बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यातून, बहुधा जोडीने निघतात आणि चांगले लांब असतात. आपल्या साध्या बाभळीचे काटे पांढरे, सरळ आणि जोडीने. तिची फुलं म्हणजे पिवळे गोल गोंडे. शमीला गोंडे येत नाहीत. मार्च ते मेच्या दरम्यान फिकट पिवळे लांबट तुरे येतात आणि मग दोरीसारख्या बारीक शेंगा लोंबतात. साल करडी, उभ्या भेगांची.

तुरा अर्धा गुलाबी आणि अर्धा पिवळा असेल तर ती सिगमकाठी. हीसुद्धा शमी म्हणून विकली जाते, तेव्हा विकत घेतानाच बघून घ्या. ओळखीसाठी कुणाला फोटो पाठवायचा असेल तर एका फांदीवरच्या काट्यांचा जवळून काढा. रस्त्यावरून काढलेल्या पूर्ण झाडाच्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही.

२. शमी, खेजडी, छोंकर ही एकाच झाडाची नावं का? मग आपटा कुठला?

एकच झाड. शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. राजस्थानात खेजडी, गुजरातेत खीजडो, आपल्याकडे गावांत छोंकर, तेलुगूत जम्मी, अरबस्तानात घाफ. राजस्थान आणि तेलंगण या दोन्ही राज्यांचा तो राज्यवृक्ष आहे आणि संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. मध्य प्रदेशाचा राज्यवृक्ष मात्र वड.

आपटा हे वेगळंच झाड, कांचनाच्या नात्यातलं, जोडपानाचं. महाराष्ट्रात दसऱ्याला सोनं म्हणून त्याची पानं वाटतात. आपल्या ग्वाल्हेरात सोनं म्हणजे शमी. मांढरे की मातेच्या पायथ्याशी शिंदे घराण्याचं शमीपूजन होतं, झाडाला तलवार लागते आणि लोक पानांवर तुटून पडतात, हे ज्याने लहानपणी खांद्यावर बसून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

३. वाळवंटातलं झाड इथे कसं? कुणीतरी आणून लावलं असेल ना?

बहुतेक ठिकाणी नाही. ग्वाल्हेर-चंबळ हा कमी पावसाचा, कडक उन्हाळ्याचा पट्टा आहे आणि शमी इथली मूळची रहिवासी आहे. तिचं सोटमूळ तीस मीटरपर्यंतही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना बाकीची झाडं माना टाकतात, तेव्हा हिला नवी पालवी असते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, म्हणून शेतकरी बाजरीच्या शेताच्या मध्येही तिला राहू देतात. हिच्या सावलीत पीक दबत नाही. पाला जनावरांना, कोवळ्या शेंगांची भाजी. हीच ती राजस्थानातली सांगरी. १८६८-६९ च्या दुष्काळात तिकडे लोकांनी हिची साल दळून पिठात मिसळून खाल्ली होती.

प्लॉटच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट अशी की झाड फार सावकाश वाढतं. तुम्हाला दिसतं त्या मनगटाएवढ्या खोडालाही बरीच वर्षं लागलेली असतात, आणि मांडीएवढं खोड तुमच्या आजोबांच्या वेळचं असू शकतं.

४. जागा आमची, झाड आमचं, रजिस्ट्री आमच्या नावाची. मग परवानगी कशाला?

मालकी तुमचीच आहे. राज्याच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतही भूमीस्वामीच्या जमिनीवरची झाडं त्याची असं म्हटलं आहे. पण झाड आपलं असणं आणि ते विचारल्याशिवाय तोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. शहरी हद्दीत ‘मध्य प्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, २००१’ लागू आहे. तो खासगी जागेतल्या झाडांनाही लागतो, आणि झाड तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

शमीसाठी आपल्या राज्यात वेगळा, जास्त कडक नियम नाही. जो कायदा लिंबाला आणि जांभळाला, तोच हिला. मला स्वतःला हे पुरेसं वाटत नाही. जे झाड शेकडो रुपयांच्या रोपाने दहा वर्षांतही भरून येत नाही त्याला गुलमोहराच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. पण आज नियम असा आहे आणि तोही पाळला गेला तरी बरीच झाडं वाचतील.

५. अर्ज कुणाकडे करायचा आणि सोबत काय जोडायचं?

नगर निगमच्या हद्दीत असाल तर निगममधल्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे. उद्यान विभागात विचारलं की कुठल्या टेबलावर द्यायचा ते कळतं. भवन अनुज्ञेचं, म्हणजे बांधकाम परवानगीचं, प्रकरण आणि झाडाचं प्रकरण ही दोन वेगळी आहेत. नकाशा पास झाला म्हणजे झाड तोडायची मुभा मिळाली असं समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत. तसं होत नाही.

मालकीचा कागद, नकाशाची प्रत, झाडाचे चारही बाजूंनी फोटो, छातीच्या उंचीवर मोजलेला घेर आणि कारण एवढं जोडा. नकाशावर झाडाची जागा लाल पेनाने दाखवा. ‘झाड वाचवण्यासाठी कोणकोणते पर्याय पाहिले’ असा एक परिच्छेद स्वतःहून लिहा. कुणी मागितला नाही तरी लिहा, कारण तो लिहायला बसल्यावरच कित्येकांना पर्याय सापडला आहे. पोचपावतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

६. झाड ठेवून घर बांधता येतं का? आमचा प्लॉट तर लहान आहे.

बहुतेक वेळा येतं. सुरुवात टेपने करा. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा घेर मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा, म्हणजे जाडी मिळेल. वृक्षतज्ज्ञांचा सर्वसाधारण हिशेब असा की जाडीच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ हा मुळांचा जपायचा भाग. घेर १२६ सेंटिमीटर भरला तर जाडी ४० सेंटिमीटर आणि त्रिज्या ४.८ मीटर, म्हणजे जवळपास १६ फूट.

हा आकडा ऐकला की लोक म्हणतात, मग प्लॉटच संपला. संपत नाही. ३० बाय ५० चा प्लॉट घ्या. झाड मागच्या भिंतीपासून ६ फुटांवर आणि बाजूच्या भिंतीपासून ५ फुटांवर आहे. वर्तुळाचा मोठा भाग शेजारच्या आणि मागच्या जागेत जातो. तुमच्या प्लॉटवर येतो तो मागचा एक कोपरा, फार तर २२ बाय २१ फुटांचा. त्यातला मागचा पट्टा एमओएस (नियमाने बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा) म्हणून तुम्हाला तसाही मोकळा सोडायचा आहे. राहिलेल्या भागात कपड्यांच्या दोऱ्या, तुळशीवृंदावन, बसायचा कट्टा, माती न उकरता वाळूवर बसवलेले ब्लॉक हे सगळं चालतं. वरच्या मजल्याचा सज्जा त्यावर थोडा पुढे काढता येतो. चालत नाही ते खोल खोदकाम, सेप्टिक टँक आणि पाण्याची भूमिगत टाकी. नकाशात या दोन टाक्या पुढच्या बाजूला ढकलल्या की निम्मं काम झालं.

झाड अगदी मधोमध असेल तर खरी अडचण. तेव्हा चौकाचा विचार करा. आपल्या जुन्या वाड्यांना चौक असायचाच. हवा आणि उजेड त्यातूनच यायचा. आर्किटेक्टला सांगताना ‘झाड वाचवा’ एवढंच सांगू नका, त्याला वर्तुळ काढलेला कागद द्या. कोरा कागद दिला तर तो आधी खोल्या बसवतो आणि मग झाड आड येतं.

आमच्या घरी वाढीव बांधकामाच्या पहिल्या नकाशात जिना नेमका शमीवर आला होता. इंजिनियरने तो मागून काढून बाजूला फिरवला आणि आमची कोठीची खोली तीन फुटांनी अरुंद झाली. आजही तिथे गव्हाची कोठी आडवी लावावी लागते. झाड वाचलं असं वाटलं, पण जोता भरताना उरलेली माती मजुरांनी खोडाभोवती दीड-दोन फूट टाकली. मी हटकलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, ‘झाडाला मातीच तर हवी असते, वहिनी.’ मलाही ते पटलं. पुढच्या चैत्रात पालवी फुटली ती वरच्या दोन फांद्यांनाच. माती बाजूला केली तर बुंध्याची साल काळी, ओली, आणि बोटाने ओढली की पोपडे निघत होते. बुंधा मोकळा करून वाळू दिला. पूर्वेकडची बाजू जगली. पश्चिमेकडे अजून नुसतं उघडं लाकूड आहे. म्हणून सांगते: काम सुरू व्हायच्या आधी खोडाभोवती पत्र्यांचं कुंपण उभं करा. त्याच्या आत माती, विटा, सळया काही ठेवू देऊ नका आणि सिमेंटच्या घमेल्यांचं धुणंपाणी तिकडे सोडू देऊ नका.

७. मुळांनी पायाला तडे जातील, असं मिस्त्री म्हणतो. खरं आहे का?

भीती खोटी नाही, पण ती जमिनीवर अवलंबून आहे. झाडाने पाणी शोषलं की आक्रसते आणि पावसात फुगते अशी काळी चिकण माती असेल तर पायाला धोका असतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पोयट्याची किंवा मुरमाड, खडकाळ जमीन आहे, तिथे तो बराच कमी. शिवाय शमीचा ओढा खाली जाण्याकडे आहे. वड-पिंपळासारखी ती भिंतींच्या फटींत मुळं घालत नाही. शंका असेल तर माती तपासून घ्या. पाया जवळ घ्यावाच लागला तर सलग चर खणण्याऐवजी पाइल (जमिनीत खोल नेलेले खांब) घेऊन वर बीम टाकता येतो. मुळं दोन पाइलच्या मधून निघून जातात. खर्च वाढतो, तेव्हा आधी प्रश्न ६ मधली फिरवाफिरव करून बघा.

८. झाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावता येईल का?

मोठ्या शमीच्या बाबतीत हा पर्याय मी कुणाला सुचवत नाही. मशीनने उचलतात तो मातीचा गोळा मीटर-दीड मीटर खोल असतो आणि हिचं सोटमूळ त्याच्या कितीतरी खाली गेलेलं. ते तुटलं की झाडाची पाण्याची वाटच बंद होते. हलवलेलं झाड काही महिने हिरवं दिसतं, फोटो निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते वाळतं. कमरेएवढ्या रोपाला हिवाळ्यात, खोल खड्डा घेऊन, मूळ न तोडता हलवता येतं. त्याहून मोठं असेल तर नकाशा हलवा.

९. एकाच्या बदल्यात दहा झाडं लावतो, मग तर चालेल?

परवानगी देताना बदली झाडं लावण्याची अट असते आणि ती पाळावीच. पण त्याकडे पुरती भरपाई म्हणून पाहू नका. दहा अशोक किंवा दहा सप्तपर्णी एका शमीचं काम करत नाहीत. लावायचीच तर शमीच लावा, तीही स्वतःच्या देखरेखीत (कशी ते प्रश्न १७ मध्ये).

किंमत पैशात किती, असंही विचारतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरून वयाने गुणावी असं सुचवलं होतं. पन्नास वर्षांच्या झाडाचा हिशेब घरी बसून करून बघा. ही शिफारस होती, आपल्याकडे आकारला जाणारा दर नव्हे.

१०. तोडत नाही, फक्त छाटतो. त्यालाही विचारायला हवं?

दोन-चार बारीक फांद्या आणि वरून भादरून ठुंठ करणं यात फरक आहे. मोठ्या फांद्यांना हात लावायच्या आधी वृक्ष अधिकाऱ्याला लेखी विचारा. राजस्थानात दर हिवाळ्यात चाऱ्यासाठी खेजडी छाटतात आणि ती पुन्हा फुटते, हे खरं. पण ते शेतातलं, मुळं मोकळी असलेलं झाड. काँक्रीटने वेढलेल्या झाडाला तेवढी ताकद नसते.

११. आम्ही घ्यायच्या आधीच मागच्या मालकाने रात्रीतून झाड पाडलं. आता जबाबदार कोण?

तोडणारा. पण तुम्हाला ते दाखवता आलं पाहिजे, आणि इथेच लोक अडकतात. प्लॉट पाहायला जाल तेव्हा तारीख दिसेल असे फोटो काढा. विक्री करारात ‘जागेवरील झाडे’ म्हणून यादी घाला: कुठलं झाड, कुठल्या कोपऱ्यात, किती घेराचं. ‘प्लॉट साफ करून देऊ’ असं विकणारा म्हणाला तर साफ म्हणजे काय ते आधी विचारा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ हाच असतो.

स्वतःच्या जागेतलं तोडलं तर फार काही होत नाही, या समजुतीला मार्च २०२५ मध्ये मोठा धक्का बसला. मथुरा-वृंदावन भागातल्या खासगी जमिनीवर विनापरवानगी तोडलेल्या ४५४ झाडांसाठी सर्वोच्च न्यायालयाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. ती जागा ताजभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात होती आणि ग्वाल्हेर त्यात येत नाही, हे खरं. तरी मोठ्या प्रमाणावर झाडं तोडण्याकडे न्यायालय कसं बघतं ते त्यातून दिसतं. आपल्याकडे निगम ऐकत नसेल तर राष्ट्रीय हरित अधिकरणाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला आहे.

लाकूड ट्रॅक्टरमधून नेलं गेलं असेल तर तोही वेगळा मुद्दा. खासगी जमिनीवरच्या ५३ प्रजातींना वाहतूक परवान्यातून सूट देणारी २०१५ ची अधिसूचना मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली. लाकूड हलवायच्या आधी वन विभागात विचारून घ्या.

१२. शमी शेजाऱ्यांच्या जागेत आहे, फांद्या आमच्या गच्चीवर. आम्ही कापू शकतो का?

आधी शेजाऱ्यांशी बोला, मग दोघांच्या सहीने छाटणीचा अर्ज करा. आणि तुमचा पाया त्या झाडाच्या वर्तुळात येतो का, हेही प्रश्न ६ प्रमाणे मोजा. मुळं कुंपण मानत नाहीत.

१३. आमची जमीन अजून शेतीची आहे, डायव्हर्शन (बिगरशेती करणं) व्हायचंय. आत्ताच झाडं काढून टाकली तर?

हा प्रश्न अगदी सरळपणे विचारला जातो, म्हणून उत्तरही सरळ देते: असं करू नका. शेतजमिनीवरच्या झाडांसाठी भू-राजस्व संहितेतले आणि वनोपज वाहतुकीचे नियम असतात. गाव निगमच्या हद्दीत आलेलं असेल तर प्रश्न ४ मधला कायदाही लागतो. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात झाडांची नोंद असू शकते. पटवाऱ्याकडून ती आधी बघून घ्या.

शहराची सर्वात जास्त शमी इथेच जाते, डायव्हर्शनच्या आधीच्या त्या दोन-तीन महिन्यांत. ले-आउट नगर तथा ग्राम निवेश या नगररचना विभागाकडे जातो तेव्हा जमीन आधीच सपाट असते आणि कागदावर झाड कधी नव्हतंच. कॉलनी पाडणाऱ्यांना माझी विनंती आहे: कॉलनीत बगिच्यासाठी जागा सोडावीच लागते. ती उरलेल्या तिरक्या तुकड्यात न सोडता जिथे जुनी झाडं आहेत तिथे सोडा. एकही प्लॉट कमी होत नाही, नुसता रस्ता थोडा वळतो.

१४. झाड वाळत चाललंय, पडेल अशी भीती वाटते. तरीही थांबायचं?

थांबायचं ते तपासणीपुरतं. आधी खरंच वाळलंय का बघा: फांदीची साल नखाने खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. बुंध्याभोवती छत्रीसारखी बुरशी उगवली असेल, किंवा भुसा पडत असेल आणि बोटभर भोकं दिसत असतील, तर मूळकूज किंवा खोडकिडा. भूजल खाली गेल्याने कमजोर झालेल्या झाडांवर हे दोन्ही लवकर येतात. पुष्कळदा कारण याहून साधं असतं: बुंध्यापर्यंत केलेलं काँक्रीट. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. तेवढं तरी आपल्या आवारात स्वतःहून फोडता येतं.

खरोखर धोका असेल, झाड कललं असेल, खालून रस्ता जात असेल, तर अर्जावर ‘तातडीचे’ असं लिहा, फोटो जोडा आणि तपासणीची मागणी करा.

१५. घरात शमी असणं अशुभ का? सासूबाई म्हणतात, पांडवांनी शस्त्रं ठेवली ती शमी स्मशानात होती.

विराटपर्वात ती शमी स्मशानाजवळ होती हे खरं आहे. लोक तिकडे फिरकत नाहीत म्हणून तर पांडवांनी ती निवडली. पण वर्षभर तिने ती शस्त्रं सांभाळली, आणि दसऱ्याला आपण म्हणतो तो श्लोकही ‘शमी शमयते पापं’ असाच सुरू होतो. गणपतीला दूर्वांसोबत शमी वाहतो, यज्ञातली अरणी पिंपळाची आणि शमीची. हे सगळं मान्य असलेल्या घरात तिला अशुभ म्हणण्याला आधार दिसत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना शनिवारी झाडाखाली दिवा लावायला सांगा. आमच्याकडे एवढ्याने विषय मिटला.

दसऱ्याचंच आणखी एक. सोनं म्हणून अख्ख्या फांद्या ओरबाडू नका. एका घराला एक डहाळी पुरते.

१६. राजस्थानात हिच्यासाठी लोकांनी जीव दिला. तिथे कायदा फार कडक असेल ना?

जीव दिला तो १७३० साली, जोधपूरजवळ खेजडली गावात. आणि लक्षात घ्या, तेव्हाही प्रश्न बांधकामाचाच होता. महाराजा अभयसिंहांच्या नव्या महालासाठी चुना भाजायचा होता, भट्टीला लाकूड हवं होतं. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या; त्यांच्यासह एकूण ३६३ जण मारले गेले. ‘सिर साँटे रूंख रहे तो भी सस्तो जाण’, डोक्याच्या बदल्यात झाड राहत असेल तरी सौदा स्वस्तच, हे त्यांचे शब्द सांगितले जातात.

१९८३ मध्ये खेजडी राज्यवृक्ष झाली. पण शेतजमिनीवरची खेजडी तोडल्याबद्दल तिथल्या १९५५ च्या काश्तकारी कायद्यातला दंड शंभर रुपयांच्या घरातला राहिला. बिकानेर, जोधपूर, जैसलमेरकडे सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जातात आणि बिश्नोई समाज त्याविरुद्ध धरणं धरत आला आहे. सूर्याची वीज हवीच, पण तिच्यासाठी वाळवंटातली एकमेव सावली कापावी लागत असेल तर पॅनेलची मांडणी चुकली आहे, असं मला वाटतं.

बाहेर कुठे नीट घडी बसली आहे का, असंही पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटात, जोशुआ ट्री नावाचं झाड आहे. शमीशी त्याचं नातं नाही, पण भांडण तेच: घरं आणि सौर प्रकल्प एका बाजूला, सावकाश वाढणारं झाड दुसऱ्या. २०२३ मध्ये तिथे त्यासाठी खास कायदा झाला. बांधणाऱ्याने आधी जागेवरचं प्रत्येक झाड मोजायचं, वाचवता येईल तेवढं वाचवायचं, उरलेल्यासाठी उंचीनुसार पैसे भरायचे, कायदा झाला तेव्हाचे दर असे: पाच मीटर किंवा त्याहून उंच झाडाला २,५०० डॉलर, एक ते पाच मीटरला ५००, त्याहून लहानाला ३४०; काही ठरावीक भागांत कमी दर. पैसा त्या झाडाच्या संवर्धनासाठी वापरला जातो. दर आधीच ठाऊक असल्यामुळे माणूस नकाशा काढतानाच विचार करतो. आपल्याकडे शमीसाठी एवढं एक झालं तरी पुष्कळ आहे.

१७. नवी शमी लावायची आहे. कुंडीत होईल का?

पूजेपुरती पानं हवी असतील तर काही वर्षं कुंडीत राहते. झाड हवं असेल तर जमिनीतच. बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि लांब, खोल पिशवीत लावा. आखूड पिशवीत सोटमूळ गुंडाळतं आणि मग जन्मभर ते सरळ होत नाही. पावसाच्या सुरुवातीला जमिनीत घाला, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, शेळ्यांपासून जपा. भाजीसाठी सांगरी हवी असेल तर बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने ‘थार शोभा’ नावाचा डोळा भरलेला, बिनकाट्याचा वाण काढला आहे. रोप घेताना प्रश्न १ मधले काटे आठवा. या वाणाला मात्र ती खूण लागू नाही.

१८. उद्या सकाळी जेसीबी येणार आहे आणि हे सगळं आम्हाला आजच कळलं. आता काय करायचं?

आज उजेड आहे तोवर झाडाचे फोटो काढा आणि घेर मोजा. प्रश्न ६ मधलं वर्तुळ चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखा, चार खुंट्या ठोकून दोरी बांधा. ठेकेदाराला आत्ताच फोन करा, सकाळी नको. सकाळी मशीन आलेलं असतं आणि भाड्याचं मीटर चालू असतं. काम बंद करा म्हणू नका, पुढच्या बाजूचं खोदकाम घ्या म्हणा. उद्या दुपारपर्यंत निगममध्ये अर्ज देऊन पोचपावती घ्या. आणि सकाळी घरातलं कुणीतरी प्लॉटवर खुर्ची टाकून बसा, कारण मशीन चालवणाऱ्याला दोरी कशाची आहे हे कुणीच सांगितलेलं नसतं.